एक रुपयाचं नागकेसर

आईच्या काळ्या तिखटाची यादी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली आहे. मिरची, धणे, खोबरं तेवढं किलोत. पुढचं सगळं पैशांत: नागकेसर १ रु., बाद्यान (चक्रफूल) २ रु., दगडफूल ३ रु., रामपत्री १ रु. त्या काळी किराणावाला तेवढ्या पैशांत पुडीत बांधून देई, तेच माप. आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून तिखटाचं काम माझ्याकडे आलं आणि पहिला प्रश्न हाच पडला, की आज एक रुपयाचं नागकेसर म्हणजे किती?

गेल्या वर्षी मी अंदाजानं उरकलं होतं. एका दुकानातून मिरची आणली, वरवर बघून. घरी पोतं पालथं केल्यावर कळलं की मधली मिरची दमट आहे. तरी एका उन्हातच आटोपलं, सगळं एकत्र भाजलं आणि जवळच्या पिठाच्या चक्कीवर दळून आणलं. चक्कीतून आलं ते हाताला चटका बसेल इतकं गरम. तसंच डब्यात भरलं. श्रावणात डबा उघडला तर गाठी झालेल्या, खोबऱ्याचा खवट वास. अडीच किलो तिखट टाकून द्यावं लागलं. आई काही बोलली नाही, त्याचं जास्त वाईट वाटलं.

यंदा मार्चमध्येच सुरुवात केली. आईला खुर्चीवर बसवलं, समोर स्टीलची ताटली ठेवली आणि प्रत्येक जिन्नसाचा ढीग तिच्या हातानं करून घेतला. ‘एवढं,’ म्हणायची, मग दोन कळ्या परत काढायची. तो ढीग मी छोट्या काट्यावर तोलला आणि लिहून ठेवला. किलोभर मिरचीला नागकेसर १० ग्रॅम, दगडफूल २५, बाद्यान १०, लवंग १५, मिरे २०, दालचिनी २०, मसाला वेलची १०, रामपत्री ५, खडा हिंग १०. धणे अर्धा किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ १००, जिरे आणि खसखस ५०-५०, हळकुंड ५०. रामपत्रीवर तिचा हात सगळ्यात जास्त वेळ थांबला. जास्त झाली तर आमटीला औषधाचा वास येतो, असं तिचं म्हणणं.

खरेदी सोलापूरच्या मंगळवार पेठेत, सकाळी, उजेडात. मिरची तीन प्रकारची घेतली: ६०० ग्रॅम ब्याडगी, २५० गुंटूर, १५० लवंगी. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, आपल्याला तशी जवळचीच. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. अंगाला सुरकुत्या, रंग गडद, तिखटपणा बेताचा. रंग तिचा आणि झणका बाकी दोघींचा. या वेळी हात पोत्यात कोपरापर्यंत घातला. वाळलेली मिरची मुठीत खुळखुळते आणि मोडली की कट्‌कन तुटते. दमट मिरची नुसती वाकते. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेली मिरची अशीच ओळखू येते. पांढरट पडलेली फटकी मिरची वेचून बाजूला काढली.

लवंगेच्या बोंडीवर नख दाबलं की तेल दिसलं पाहिजे. तेल आधीच काढून घेतलेली लवंग कोरडी लागते आणि पाण्यावर तरंगते. मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळलेल्या असतील तर त्याही पाण्यावर येतात, म्हणून दोन्ही थोडे घरी आणून वाटीत टाकून पाहिले, मगच बाकीचे घेतले. दगडफुलात झाडाची साल आणि माती फार निघते. निवडायला अख्खी दुपार गेली. पण काळ्या तिखटाचा काळेपणा आणि तो ओल्या मातीसारखा वास त्याच्याशिवाय येत नाही, त्यामुळे तिथे कंटाळा करून चालत नाही.

ऊन मात्र सोलापूरला मागावं लागत नाही. गच्चीवर जुनं लुगडं अंथरून मिरची तीन दिवस वाळवली, डेखं काढली. हाताला आधी तेल चोळलं, तरी रात्री बोटं भणभणत होती.

भाजणं हेच खरं काम. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. धणे, तीळ, जिरे आणि खसखस कोरडी. हळकुंड, हिंग आणि गरम मसाले थोड्या करडईच्या तेलात. दगडफूल शेवटी, क्षणभरच. खोबरं काप करून गडद तपकिरी होईपर्यंत, कारण रंग तिथूनही येतो. आई आतून ओरडायची, ‘दमानं भाज. एक मूठ धणे करपले तर आख्खं तिखट कडू हुतंय.’ तिला वासावरून कळायचं. मी कढईजवळ उभा असूनही मला नाही कळायचं. धण्यांचा कच्चा, हिरवा वास जाऊन खमंग वास यायला लागला की उतरवायचं, तडतडायची वाट बघायची नाही, हे चौथ्या घाण्याला उमगलं. मग सगळं परातीत पसरून रात्रभर गार केलं.

सकाळी डंकावर गेलो. डंकात मुसळ वरून पडतं, दगडावर दगड घासत नाही, म्हणून तिखट कमी तापतं आणि वास टिकतो. आधी मिरची आणि हळकुंड, मग मसाले, खोबरं शेवटी. त्याला तेल सुटतं आणि ते आधी घातलं तर सगळं चिकटून बसतं. आमच्या आधी कोणाचं तरी लसणाचं तिखट कांडलं होतं. डंकवाल्या मावशींनी न सांगता उखळ पुसून घेतलं आणि आमची मूठभर मिरची त्यात फिरवून टाकून दिली. चाळलं, चाळणीत राहिलेलं परत कांडलं, असं तीनदा.

घरी आणून पुन्हा पसरलं, पूर्ण निवल्यावर जाडं मीठ मिसळलं आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून भरलं. वर हिंगाचे दोन खडे, तोंडाला फडकं.

त्या संध्याकाळी शेंगदाण्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी केली. आईनं आमटीत भाकरी कुस्करली, दोन घास खाल्ले आणि कॅलेंडर मागितलं. ‘दगडफूल ३ रु.’ खोडून तिनं स्वतःच्या अक्षरात ‘३० ग्रॅम’ लिहिलं.