पन्नास पौंड देऊन खुर्चीवरून उठायला शिकले

माझी आत्या पायाळू होती. वसमतजवळच्या आमच्या गावात कुणाची उसण भरली की ते माणूस वाकडंतिकडं चालत आमच्या ओसरीवर यायचं, पालथं पडायचं आणि आत्या त्याच्या कमरेला पाय लावायची. पैसे घ्यायचे नाहीत. उलट चहा आमच्याच घरचा. त्यामुळे इथं इंग्लंडात, लीड्समध्ये, कंबर धरल्यावर एका अनोळखी बाईला पन्नास पौंड, म्हणजे आपले पाच हजारांच्या वर, मोजायचे हे माझ्या जिवावर आलं होतं.

कंबर धरली ती माझ्याच उत्साहाने. डिसेंबरात इथं पावणेचारला दिवस मावळतो. सहा हिवाळे लॅपटॉप, पोळ्या आणि सोफा यातच गेले. त्रेचाळिसावं लागलं, जिना चढताना धाप लागायला लागली, म्हणून जानेवारीत जिम लावली. पहिल्याच दिवशी शेजारची पोरगी उचलत होती तेवढं वजन मी उचललं. उचलताना काही झालं नाही. खाली ठेवताना अशी कळ निघाली की घरी येऊन बूट काढायला नवऱ्याला हाक मारावी लागली. आईने फोनवर हळदीचा लेप सांगितला. हळद आपल्या वसमतची, भौगोलिक मानांकनवाली. चादर पिवळी झाली, कंबर तशीच.

ऑफिसातल्या मैत्रिणीने ऑस्टिओपॅथचं नाव काढलं. हे नाव आपल्याकडे फारसं कानावर येत नाही, म्हणून थोडं सांगते. अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1874 मध्ये ही पद्धत मांडली. सांधे, स्नायू, पाठ हातांनी तपासायची आणि हातांनीच मोकळी करायची. लंडनमध्ये तिचं कॉलेज 1917 मध्ये निघालं. 1993 च्या कायद्यामुळे ब्रिटनमध्ये नोंदणी असल्याशिवाय कुणाला स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवून घेता येत नाही. अमेरिकेत हीच पदवी घेणारे पुरते डॉक्टर असतात, औषधं देतात, ऑपरेशनं करतात. इथले तसे नाहीत.

मला वाटलं होतं, बाई कटकन हाड बसवेल. तिने आधी अर्धा तास नुसतं विचारलं. झोप किती, काम कसलं, बाळंतपणं कशी झाली, गोळ्या कोणत्या चालू आहेत, कधी पडलात का. मग जरा आवाज खाली आणून, लघवीवर ताबा आहे ना, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली नाही ना? मी लाजले. तिने सांगितलं, ताबा सुटला असता किंवा ती जागा बधिर असती तर हात न लावता तुम्हाला थेट इमर्जन्सीत पाठवलं असतं. हा एक प्रश्न तुम्हीही लक्षात ठेवा. त्यात ना लेप चालतो, ना मालिश, ना पायाळूचा पाय.

मग उभं केलं, वाकवलं, एका पायावर तोल सांभाळायला लावला. डाव्या पायावर मी चार सेकंदही टिकले नाही. "हाड सरकलंय का?" मी विचारलं. ती हसली. हाडं अशी इकडेतिकडे सरकत नसतात, स्नायू घाबरून आवळून धरतात, म्हणाली. वीसेक मिनिटं तिने कंबर आणि मांडी हळूहळू सैल केली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिनेच बजावलं की हा आराम उधारीचा आहे. दोन-तीन दिवस दुखणं कमी राहील, तेवढ्यात हालचाल सुरू करायची. इथल्या कंबरदुखीच्या 2016 च्या सरकारी मार्गदर्शिकेतही तेच आहे: हाताने केलेले उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच. एवढ्यावरून मला ती बाई पटली. दर आठवड्याला या म्हणणारी भेटली असती तर मी दुसऱ्यांदा गेले नसते.

तिने दिलेला व्यायाम ऐकून नवरा हसला. रोज दहा मिनिटं चालणं. ओट्याला धरून टाचा उचलणं. आणि हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठणं-बसणं. सोपं वाटतं ना? करून बघा. सहाव्याला माझ्या मांड्या थरथरत होत्या आणि हात आपोआप गुडघ्यावर जात होता. नियम एकच: करताना दुखण्याला दहापैकी तीन-चारपर्यंत मार्क द्यावेसे वाटले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुखणं आधी होतं तेवढ्यावर आलेलं असलं पाहिजे. नसेल तर बंद नाही करायचं, निम्म्यावर यायचं.

आईला हे काही पटेना. "कामून गं? आम्ही जन्मभर खुरपलं, आमची कंबर नाही धरली. आन् तू चालायला शिकायचे पैसे देती?" खरंय तिचं. पण ती आठव्या वर्षापासून वाकत आलेली, मी पंधरा वर्षं खुर्चीत. तिच्या अंगाला सवय होती, माझ्या अंगाला नुसती आठवण.

दहा मिनिटांची चाल महिन्याभरात अर्ध्या तासावर गेली. आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने, हे इथलं मोठ्या माणसांसाठीचं माप. आता साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं आलटूनपालटून वीस मिनिटं करते. त्या बाईकडे एकूण तीनदा गेले. जिम आहे, पण ते वजन अजून लांबूनच बघते.

तुमच्याकडे ऑस्टिओपॅथ शोधत बसू नका. पदवीधर फिजिओथेरपिस्ट नांदेड-परभणीला मिळतात. भिंतीवरची पदवी वाचा, आणि न विचारता मान मोडायला घेणाऱ्याकडून उठून या. छातीत दुखत असेल, बीपी-शुगर असेल, तर आधी आपल्या डॉक्टरला दाखवा. एप्रिल-मेमध्ये चालायचं ते उजाडायच्या आत. आठनंतर आपल्याकडचं ऊन बाहेर उभं राहू देत नाही, हे मी इथून काय सांगू.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला म्हटलं, तू करून दाखव. तिने फोन हळदीच्या डब्याला टेकवला, पदर खोचला आणि हात न टेकता उठली. एक, दोन, तीन. सातव्याला खुर्चीचा हात धरला.

"गुडघा बोलायलाय," म्हणाली. "तुझ्या बाईला विचार, सातवर थांबलं तर चालतंय का."