आमची वाटचाल : ज्याने नकाशा काढला, त्याने तो तपासू नये

आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या ऑफिसात आजही कुणी ना कुणी येऊन विचारतं, "नकाशा काढून देतासा काय?" आम्ही नकाशे काढत नाही. काढणारे जिल्ह्यात भरपूर आहेत आणि त्यातले बरेच चांगले आहेत. आमचं काम त्याच्या पुढचं. लहान पंचायतींकडे आलेला नकाशा तपासायचा, जागेवर जाऊन आखणी, पाया आणि स्लॅबच्या सळ्या बघायच्या, लेखी अहवाल द्यायचा. परवाना द्यायचा की नाही ते पंचायतीने ठरवायचं. अधिकार त्यांचा, सहीही त्यांचीच. ही रेघ आम्ही सुरुवातीपासून पाळली आणि तिच्यापायीच एकदा ऑफिसला कुलूप लागायची वेळ आली होती. 'उगीच अडवणूक करतात', 'निविदा हरले म्हणून रडतात' असं आमच्याबद्दल बाजारात जे बोललं जातं त्याला आजवर कधी उत्तर दिलं नाही. म्हणून आता सगळं लिहून ठेवतो आहे.

या धंद्याला जागा कुठून मिळाली, ते आधी सांगतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत बांधकामाचं नियमन नगरपालिकांच्या कामांत घातलं. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे खेड्यातही ग्रामपंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय घर बांधता येत नाही. काम दिलं, पण ते करायला माणूस दिला नाही. ग्रामपंचायतीत पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी असतो, बिल कलेक्टर असतो, पाणी सोडणारा वॉटरमन असतो. इंजिनिअर तालुक्याला, आणि त्याच्याकडे रस्ते, गटारं, शाळाखोल्या, रोजगार हमी. तो कुणाच्या तीस-चाळीसच्या प्लॉटवर सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, मोजायला कधी येणार? मग नकाशावर शिक्का बसतो आणि जागेवर घर आपल्या मनाने उभं राहतं. हे आम्ही डोळ्यांनी बघत होतो.

सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, हलग्याजवळ उभं राहत होतं त्या सुमारास आम्ही सुरुवात केली. महामार्गाकडेच्या जमिनींना तेव्हा अचानक भाव आला. गुंठ्या-गुंठ्याने विक्री सुरू झाली, आणि महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरची बांधकाम रेषा असते हे विकणाराही सांगेना, घेणाराही विचारेना. मी तेव्हा एका बिल्डरकडे साइट इंजिनिअर होतो. माझे भागीदार अप्पा. हुक्केरीकडचे, निवृत्त ओव्हरसियर. मातृभाषा कन्नड, मराठी आमच्यापेक्षा ठसठशीत. ते नसते तर ही संस्था नसती, हे मी कुणासमोरही सांगतो. पंचायतीचा ठराव कसा वाचायचा, मोजमाप पुस्तकात खाडाखोड का करायची नाही, अहवालात 'बहुधा' हा शब्द का लिहायचा नाही, हे सगळं त्यांनी शिकवलं. नुसती जोती बघून खालचा पाया काळ्या मातीत थांबलाय की मुरुमापर्यंत गेलाय, हे ते तडे मोजून सांगत.

अप्पांची हत्यारं अजून आमच्याकडे आहेत आणि वापरात आहेत. कातडी डबीतली ३० मीटरची पोलादी टेप, पितळी ओळंबा, एक डंपी लेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) आणि पाण्याने पातळी बघायची पारदर्शक नळी. नव्या मुलांना वाटतं लेझर मीटर आला, आता टेप कशाला? भर दुपारी उघड्या प्लॉटवर लेझरचा लाल ठिपका दिसतच नाही, तेव्हा टेपच काढावी लागते. फायबरची टेप वापरून वापरून ताणते, म्हणून आमच्याकडे ती दर काही दिवसांनी पोलादी टेपेशेजारी धरून बघतात. पोलादी टेपेलाही उन्हाचा फरक पडतो. २० अंश तापमान वाढलं की ३० मीटरमागे सात मिलिमीटर. घराच्या आखणीला ते चालतं, पण हद्दीचा वाद असेल तर आम्ही सकाळीच मोजतो. आखणीचा काटकोन आजही तीन-चार-पाच बाजूंच्या त्रिकोणाने धरतो आणि मग दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण जुळले नाहीत तर पुढची तपासणी करायचीच नाही, हा अप्पांचा नियम.

स्लॅबच्या आधीची भेट सगळ्यांत महत्त्वाची. काँक्रीट पडलं की सगळं झाकतं. सेंट्रिंगवर चढायचं, सळ्यांचं अंतर मोजायचं, खाली कव्हर ब्लॉक (सळी काँक्रीटच्या आत राहावी म्हणून ठेवायचे ठोकळे) आहेत की गवंड्याने खडी सरकवली आहे ते वाकून बघायचं. स्लॅबला सळीवर २० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर लागतं, कॉलमला ४०, पायाच्या फूटिंगला ५०. उभ्या-आडव्या सळ्यांना बांधणाऱ्या रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वळलेलं पाहिजे. बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतं, आणि सळीवाला घाईत ते ९० वर सोडतो. प्रत्येक भेटीचे फोटो टेप धरून काढायचे, आकडा वाचता आला पाहिजे. टेप नसलेला फोटो आमच्या फाइलीत लागत नाही. हा हट्ट पुढे कामाला आला.

पहिली काही वर्षं चांगली गेली. पंचायती वाढल्या, माणसं वाढली, एक जुनी जीप घेतली.

मग पूर्वेकडच्या एका नगर पंचायतीचं प्रकरण झालं. नाव लिहीत नाही, जाणणारे जाणतात. तिथलं काम आमच्या एकूण कामाच्या निम्म्याला होतं. कराराची मुदत संपली, नवी निविदा निघाली. १९९९ च्या पारदर्शकता कायद्याखाली निविदा काढावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाहेरगावची एक फर्म आली आणि तिने आमच्या निम्म्याहून कमी दर भरला. त्या दरात जीपचं डिझेलही निघत नाही. आम्हाला कळेना, हे लोक कमावणार कशावर?

काही महिन्यांत कळलं. त्या फर्मच्याच माणसाने बसस्टँडजवळ दुसऱ्या नावाने नकाशे काढायचं दुकान टाकलं होतं. लोकांना सांगितलं जाई, नकाशा इथे काढा, लवकर पास होईल. इथे काढलेला नकाशा तीन दिवसांत मंजूर. दुसऱ्याकडून काढून आणलेल्याला आठवड्याला एक त्रुटी. तपासणीत सोडलेला पैसा नकाशात दुपटीने वसूल होत होता. गावातल्या चार नकाशेवाल्यांचं पोट गेलं. ते बिचारे आमच्याकडे आले, तुम्ही काहीतरी करा म्हणाले. आम्ही काय करणार? आम्ही तक्रार दिली तर 'निविदा हरले म्हणून रडतात' असं म्हणणारे तयारच होते. म्हणालेही तसंच.

आमची पोरंही मला म्हणाली, "सर, आपणही नकाशे सुरू करूया. नाव दुसरं ठेवूया." अप्पा एकच बोलले, "मग टेप धरायचा हात कापून ठेवा." तो विषय तिथेच संपला.

पण पगार थांबेनात. त्याच नगर पंचायतीकडे आमच्या शेवटच्या कामाचं मोठं बिल अडकलं. आधी लेखापरीक्षणाचा आक्षेप म्हणाले, मग निधी नाही म्हणाले, मग जुनी फाइल सापडत नाही म्हणाले. फाइलीची पोचपावती आमच्याकडे होती, ती दाखवली तर कारकून बदलून गेले. २०१९ चा ऑगस्ट उजाडला आणि कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही नद्या एकदम चढल्या. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने पाच लाख जाहीर केले. पैसे टप्प्याटप्प्याने मिळणार होते, पाया, लिंटल (दारा-खिडक्यांवरची तुळई), छप्पर अशा प्रत्येक टप्प्याचा जागेवरचा फोटो चढवल्यावर. लोक घाईने बांधू लागले. काळी माती अजून पाणी पिऊन फुगलेली, आणि त्यातच दोन फुटांवर पाया. एका नदीकाठच्या पंचायतीने बोलावलं. आमची पोरं गेली, खड्डे बघितले, मुरूम लागेपर्यंत खणायला लावलं. घर पडलेल्या माणसाच्या नावाचं बिल लिहायला हात उचलला नाही. ते काम तसंच झालं, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्यानंतर लॉकडाउन आलं आणि खात्यात काही उरलं नाही. जीप विकली. तीन मुलं दुसरीकडे लागली. त्यांना मी दोष देत नाही.

त्या काळात आम्हाला जगवलं खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या ग्रामपंचायतीने. जांबोटीच्या बाजूचं पावसाचं गाव, जांभ्याची घरं. अध्यक्ष होत्या एक बाई, सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांनी आम्हाला पहिल्यांदा बोलावलं ते अंगणवाडीच्या खोलीसाठी. जांभ्याच्या भिंतीवर थेट स्लॅब टाकायचा कंत्राटदाराचा बेत होता. खाली काँक्रीटचा पट्टा घाला, असा अहवाल आम्ही दिला. कंत्राटदार म्हणाला, या गावात कुणी घालत नाही. अक्का म्हणाल्या, "गावात कुणी घालत नाही म्हणूनच यांना बोलावलंय की." पट्टा पडला. तेव्हापासून गावातल्या प्रत्येक नव्या घराची आखणी आम्ही बघितल्याशिवाय जोतं भरू द्यायचं नाही, असा त्यांनी ठराव करून घेतला.

पंचायतीचा स्वनिधी तो किती असणार? घरपट्टी, पाणीपट्टी. तरी आमचं बिल कधी लांबलं नाही. त्या वाईट वर्षात मी त्यांना म्हणालो, अक्का, थोडं उशिरा दिलंत तरी चालेल. त्यांनी मला झापलं. "तुमची पोरं पावसातनं आली की नाही? मग बिल उन्हाळ्यापर्यंत कशाला थांबवायचं?" पुढे आरक्षण बदललं, त्यांचं अध्यक्षपद गेलं, पण त्या सदस्य राहिल्या आणि आमचा ठरावही राहिला. आसपासच्या पंचायती त्यांना विचारून आमच्याकडे आल्या. आज आमच्या यादीत ज्या पंचायती आहेत, त्यातल्या बऱ्याच अक्कांच्या शब्दावर जोडल्या गेल्या.

पूर्वेच्या त्या गावात मात्र व्हायचं ते झालं. एका दुकानाच्या इमारतीचा वरचा मजला गल्लीवर पुढे आला. शेजाऱ्याने दावा लावला. नव्या फर्मचा तपासणी अहवाल स्वच्छ, पण जागेवरचा एकही फोटो नाही. मग पंचायतीला आमची आठवण झाली, कारण त्या प्लॉटची मूळ आखणी आमच्या काळातली होती. आमच्या फाइलीत हद्दीच्या दगडापासून जोत्यापर्यंत टेप धरलेले फोटो होते, तारखेसकट. वर वाढवलेला भाग किती, हे त्यावरून सिद्ध झालं. फर्मचा करार गेला. आमच्या मागे बोलणाऱ्यांपैकी कुणी येऊन दोन शब्द बोलला नाही. आणि ते बिल आजही थकलेलं आहे.

१७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पूर्णत्वाचा किंवा ताब्याचा दाखला बघितल्याशिवाय वीज-पाण्याची कायम जोडणी देऊ नये. त्यानंतर हेस्कॉम या वीज कंपनीच्या दारात लोकांची जी दमछाक झाली ती सगळ्यांनी पाहिली. ज्यांनी दहा वर्षं आमच्या भेटीला 'उगीच अडवणूक' म्हटलं, ते दाखल्यासाठी फाइल घेऊन आले. लहान घरांना पुढे सरकारने सूट दिली, ते योग्यच झालं. गरिबाचा मीटर अडवून कुणाचं भलं होत नाही. पण सूट कागदाला आहे. सळीला आणि पायाला सूट नसते, हे घर बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पंचायतींना माझं सांगणं आहे, विचारलं नसलं तरी. तपासणीचं काम बाहेर द्यायचं तर द्या, पण करारात लिहून घ्या की तपासणारा, त्याचा भागीदार, त्याच्या घरचं माणूस त्या हद्दीत नकाशे काढणार नाही. फी भेटीची ठेवा, मंजुरीची नको. नामंजूर केलं तरी तितकीच फी मिळाली पाहिजे, नाहीतर तपासणाऱ्याचा हात आपोआप मंजुरीकडे वळतो. नुसता सर्वांत कमी दर बघू नका. त्या दरात माणूस जागेवर जाऊ शकतो का, तेवढा हिशेब मांडा. फोटो आणि मोजमापं फर्मकडे नव्हे, पंचायतीच्या कपाटात ठेवा. फर्म जाते, गाव राहतं.

आणि आपल्या मराठी मुलांना, जी दरवर्षी इथल्या कॉलेजांतून सिव्हिल होऊन बाहेर पडतात, त्यांना सांगतो : कन्नड लिहायला शिका, नुसतं बोलायला नाही. ई-स्वत्तूचा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या मालमत्तेचा, उतारा कन्नडमध्ये, ठराव कन्नडमध्ये, त्रुटीचं पत्रही कन्नडमध्ये जातं. आपल्याच गावातल्या मराठी म्हातारीला ते पत्र वाचून दाखवणारा तिच्या बाजूने उभा असलेला माणूस लागतो. आमच्या ऑफिसात प्रत्येक अहवालासोबत घरमालकासाठी मराठीत एक पान जोडतो : काय बरोबर आहे, काय दुरुस्त करायचं, कधीपर्यंत. कुठल्याही नियमात ते लिहिलेलं नाही. अप्पांनी सुरू केलं, ते स्वतः कन्नड असून.

अप्पा आता गावी असतात. गुडघे गेले, सेंट्रिंगवर चढता येत नाही, पण अवघड पायाचे फोटो आम्ही त्यांना फोनवर पाठवतो आणि उत्तर लगेच येतं. गेलेल्या तीन मुलांपैकी एक परत आला, आता तोच खानापूरकडचं काम बघतो.

पूर्वेच्या त्या नगर पंचायतीने यंदा पुन्हा निविदा काढली आहे. तपासणाऱ्याने त्या हद्दीत नकाशे काढू नयेत, ही अट या वेळी त्यात आहे. आम्ही निविदा भरली आहे, दर पूर्वीचाच ठेवला आहे, आणि कागदपत्रांत थकलेल्या बिलाच्या पोचपावतीची प्रतही चढवली आहे.