ते कव्हर सोलू नका

आज बीटल्स बँडच्या 'येस्टरडे अँड टुडे' या अल्बमचं जुनं अमेरिकन कव्हर उजेडात धरून नीट पाहायला मिळालं. जून १९६६मध्ये रॉबर्ट व्हिटेकरने काढलेल्या त्यावरच्या फोटोवरून गहजब झाला: खाटकाचे पांढरे कोट, कच्चं मांस, मोडक्या बाहुल्या! कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने माल परत मागवला आणि बऱ्याच कव्हरांवर ट्रंकेसोबतचा बँडचा साधा फोटो चिकटवून तीच पुन्हा बाजारात आणली.

खाली जुना फोटो आहे हे ओळखायचं कसं? ट्रंकेच्या उजवीकडे, पांढऱ्या जागेत पुसटसा काळा त्रिकोण शोधा. तो खालच्या फोटोतल्या, बँडच्या रिंगोच्या काळ्या स्वेटरचा गळा.

वाफ देऊन वरचा कागद काढायचा मोह खरंच आवरा. तो कागदच सेन्सॉरशिपचा पुरावा आहे. शिवाय घाई केली की खालची छपाई कागदाबरोबर निघून येते आणि डिंकाचे डाग कायमचे राहतात.