क्रॅश दर वेळी वेगळ्या जागी होतोय का, ते आधी बघा

गेले दोन महिने माझा व्हिडिओ एडिटर एक्सपोर्ट करताना मधेच गायब व्हायचा. एरर नाही, मेसेज नाही, खिडकी एकदम नाहीशी आणि समोर नुसता डेस्कटॉप. कधी १० टक्क्यांवर, कधी ९० वर. प्लगइन काढले, सेटिंग्ज रिसेट केल्या, प्रोग्रॅम पूर्ण काढून परत टाकला, ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाकून पाहिला मग जुनाही टाकून पाहिला, काही म्हणजे काही फरक नाही.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. विंडोजमधे रिलायबिलिटी मॉनिटर नावाची एक गोष्ट आहे, स्टार्टमधे रिलायबिलिटी टाइप केलं की सापडते, फार कमी लोक उघडतात आणि मला खरंच वाईट वाटतं कारण इतकी कामाची आहे ती. कुठल्या दिवशी काय पडलं, त्याच्या आदल्या दिवशी कुठला अपडेट आला, सगळं तारखेनुसार एका ग्राफवर दिसतं. त्यातल्या एकेका क्रॅशवर डबल क्लिक केलं की फॉल्ट मॉड्यूलचं नाव मिळतं, म्हणजे नेमकं कुठल्या फाइलमधलं कोड चालू असताना प्रोग्रॅम पडला ते. इव्हेंट व्ह्यूअरमधे अॅप्लिकेशन लॉगला इव्हेंट १००० शोधलात तरी हेच मिळेल.

माझ्याकडे पहिल्या क्रॅशला एनटीडीएलएल, दुसऱ्याला ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल, तिसऱ्याला कुठलातरी कोडेक (व्हिडिओ उलगडणारी फाइल), चौथ्याला परत एनटीडीएलएल. एनटीडीएलएलचं नाव बघून लोक विंडोजलाच दोष देतात, पण ती विंडोजची अगदी तळाची लायब्ररी आहे, मेमरी बहुतेक वेळा आधीच कोणीतरी खराब केलेली असते आणि ते फक्त तिथे उघडकीला येतं. महत्त्वाची गोष्ट ही की नाव दर वेळी बदलत होतं. एकच मॉड्यूल सारखं सारखं येत असेल तर बग त्या प्रोग्रॅममधे नाहीतर ड्रायव्हरमधे, तो अपडेट करा किंवा मागच्या व्हर्जनला जा. रोज नवीन नाव येत असेल तर हार्डवेअरकडे वळा.

मी मात्र तेव्हा वळलो नाही, मला वाटलं विंडोजच अस्थिर आहे, आणि दुसऱ्या एसएसडीवर लिनक्स टाकलं. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी ब्राउझरचा टॅब सेगफॉल्ट (म्हणजे मेमरीच्या चुकीने पडला), मग फाइल मॅनेजर. मोठा कोड कंपाइल करायला घेतला तर कंपायलरच, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअरच, मधे पडला, आणि तीच कमांड परत दिली तर ज्या फाइलवर पडला होता ती फाइल बिनबोभाट पार करून पुढच्या कुठल्यातरी फाइलवर पडला. कंपायलरमधे बग असता तर तो त्याच फाइलवर परत पडला असता ना. तिथे माझी खात्री झाली की दोष हार्डवेअरचाच आहे.

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवला. पहिल्या दोन पासमधे, म्हणजे पूर्ण फेऱ्यांमधे, शून्य एरर, तिसऱ्यात लाल ओळी. म्हणून एका पासवर समाधान मानू नका. बायोसमधे रॅमचं एक्सएमपी, म्हणजे जास्त स्पीडचं सेटिंग, बंद करून पाहिलं, कारण जास्त स्पीडवर चांगली रॅमसुद्धा कधीकधी चुकते, तरी एरर तसेच. मग रॅमची एकेक स्टिक वेगळी टेस्ट केली, एक स्वच्छ, दुसरी कुठल्याही स्लॉटमधे लावा एरर देणारच. ती काढली त्या दिवसापासून विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे एकही क्रॅश नाही.

आता विंडोज, मॅक, लिनक्स यांत कुठली सिस्टिम जास्त स्थिर, यावर. एकेकाळी हा फरक खरंच मोठा होता. विंडोज ९८ मधे मेमरीचा काही भाग सगळ्या प्रोग्रॅमना लिहायला उघडा असायचा, त्यामुळे एक प्रोग्रॅम बिघडला की आख्खं मशीन घेऊन जायचा, जुन्या मॅकमधेही प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे नव्हते. २००१ साली एक्सपीने घरच्या विंडोजला एनटीचा, म्हणजे ऑफिससाठीच्या जास्त भक्कम विंडोजचा, पाया दिला आणि त्याच वर्षी मॅक ओएस टेन आलं, लिनक्समधे हे संरक्षण आधीपासूनच होतं. त्यानंतर साधा प्रोग्रॅम पडला म्हणून सिस्टिम पडायचं कारण उरलं नाही. आता सिस्टिम पडते ती मुख्यतः कर्नलमधे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, चालणाऱ्या तिऱ्हाईत कोडमुळे, जुलै २०२४ मधे एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या चुकीच्या अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या स्क्रीनवर गेली ती त्यामुळेच. अॅपलने २०१९ च्या कॅटालिनापासून असा कोड कर्नलबाहेर काढायला सुरुवात केली आणि त्यांचं हार्डवेअरही मोजकंच, त्याचा मॅकला फायदा होतो. ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला तर मात्र मला विंडोज आवडतं, २ सेकंद उत्तर आलं नाही की ते ड्रायव्हर रिसेट करतं, स्क्रीन काळी होऊन परत येते. लिनक्सवर कर्नल खाली मजेत चालू असतो पण डेस्कटॉपचा कंपोझिटर (सगळ्या खिडक्या स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम) पडला की बहुतेक वेळा उघडी कामं सोबत जातात. आणि लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम अचानक गायब झाला तर जर्नलसीटीएल या कमांडने दिसणाऱ्या सिस्टिम लॉगमधे आउट ऑफ मेमरी शोधा आधी, रॅम संपली म्हणून कर्नलनेच तो मारलेला असू शकतो, तो क्रॅश नाहीच.

माझी खरी काळजी आता वेगळी आहे. खराब रॅममधून गेलेल्या फाइल्स डिस्कवर तशाच चुकीच्या लिहिल्या जातात, कुणी सांगत नाही. त्या दोन महिन्यांत मी फोटोंचं आख्खं फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी केलं होतं. जुन्या डिस्कवरच्या फाइल्सशी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा, एक बिट बदलला तरी बदलतो) जुळवत बसलोय, आत्तापर्यंत तीन जुळत नाहीत, नशिबाने तिन्हींची जुनी प्रत नीट उघडते. अजून निम्मं फोल्डर बाकी आहे.