26च्या पोटातलं 84

पुण्यात बसून मी फ्रान्सचे नकाशे तपासते. शुक्रवारी डिलिव्हरी होती. टोपॉलॉजीच्या तपासणीत, म्हणजे हद्दी नीट जुळतात का हे बघताना, द्रोम जिल्ह्याच्या पॉलिगॉनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या त्याच्या बंद आकृतीत, एक भोक सापडलं. आमच्या चेकलिस्टमध्ये भोक म्हणजे डिजिटायझिंगची, म्हणजे हद्दी कॉम्प्युटरवर गिरवतानाची चूक, आणि ती एका क्लिकवर बुजते. टीममधल्या मुलाने ते बुजवलं आणि विचारलं, “मॅडम, आतल्या चार गावांचे कोड 84ने सुरू होतायत. 26 करून टाकू का?”

26 म्हणजे द्रोम, 84 म्हणजे व्होक्लूज. फ्रान्समधल्या गावाच्या पाच आकडी कोडचे पहिले दोन आकडे देपार्तमांचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे. रेघ ओढताना हात चुकतो, पण शेजारशेजारच्या चार गावांचे कोड एकसारखे कसे चुकतील? म्हटलं, “थांब जरा.”

व्हालरेआस, ग्रियों, रिशरांश, व्हिझां. चारही गावं व्होक्लूजची, आणि चहूबाजूंनी द्रोम. व्हालरेआस 1317 साली पोप जॉन बाविसावे यांनी विकत घेतलं. पोपच्या ताब्यातला हा मुलूख फ्रान्सला जोडला गेला तो थेट क्रांतीनंतर, 1791मध्ये. आपल्याकडे सांगली संस्थानचे तालुके असेच विखुरलेले होते, पण विलीनीकरणानंतर ते ज्या त्या जिल्ह्यांत गेले. हा तुकडा मात्र आजही तसाच आहे.

आम्ही कोड बदलले असते तर या गावांचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा अधिकारी, आव्हिन्योंऐवजी व्हालांसचा झाला असता. माध्यमिक शाळांच्या इमारती आणि देपार्तमांचे रस्ते द्रोमच्या खात्यावर चढले असते. रीजन, म्हणजे देपार्तमांच्या वरचा प्रांत, तोसुद्धा बदलला असता. ज्यांनी ती चेकलिस्ट लिहिली, त्यांना भोक फक्त चुकीनेच पडतं असं वाटतं. मुलाचा दोष नाही; नियम होता, त्याने पाळला.

भोक परत उघडलं, डिलिव्हरी वेळेत गेली. पण बुजवलेलं भोक कुठल्याच तपासणीत दिसत नाही, हे काही डोक्यातून जाईना. फ्रान्समध्ये असे तुकडे आणखी आहेत. ओत-पिरेनेची, म्हणजे 65ची, पाच गावं दोन तुकड्यांत पिरेने-आतलांतिकच्या, म्हणजे 64च्या आत आहेत. आमची दोन वर्षांपूर्वीची फाइल उघडली. 64चा पॉलिगॉन सलग, एकही भोक नाही. तपासणाऱ्याच्या रकान्यात माझी आद्याक्षरं.

रात्रीच क्लायंटला मेल केला. पाचही नावं एकेक करून लिहिली: गार्देर, ल्युके, सेरों, एस्कोने, व्हिलनाव्ह-प्रे-बेआर्न.