एवढासा ठिपका

आमच्या लॅबमध्ये नवजात बाळांच्या टाचेचं रक्त येतं, म्हणजे जाड फिल्टर पेपरवर वाळवलेले ठिपके. त्यातून पंचने साधारण 3 मिमीची टिकली पाडायची, तिच्यात रक्त जेमतेम 3 मायक्रोलिटर, आणि त्यातली अमिनो ॲसिड्स मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजायची. बाळ दोन-तीन दिवसांचं, त्यामुळे परत टोचून सॅम्पल पाठवा म्हणायला जीव होत नाही.

गेल्या जुलैत एका कार्डवर ल्युसिन बरंच वाढलेलं आलं. पहिली शंका मेपल सिरप युरिन डिसीजची, म्हणजे ल्युसिनसारखी अमिनो ॲसिड्स शरीरात मोडलीच जात नाहीत असा जन्मजात आजार, यात लघवीला जळक्या साखरेसारखा वास येतो आणि उपचार लांबले तर काही दिवसांतच मेंदूला इजा होते. पण स्क्रीनिंगच्या, म्हणजे पहिल्या चाळणीच्या रनमध्ये कॉलम, म्हणजे पदार्थ वेगळे करणारी नळी, नसतो, सॅम्पल थेट मशीनमध्ये जातं, आणि मशीन बघतं वस्तुमान. ल्युसिन, आयसोल्युसिन, ॲलोआयसोल्युसिन तिघंही 131, हायड्रॉक्सीप्रोलिनसुद्धा 131च्या घरातलं, त्यामुळे चौघांचा मिळून एकच आकडा येतो. लोकांना वाटतं एवढं महागडं मशीन आहे म्हटल्यावर त्याला सगळं कळतं, पण खरी कसोटी कॉलमची असते हो. लक्ष्मी रोडवर चार जण एकदम शिरले तरी जो दर दुकानापाशी रेंगाळतो तो शेवटी बाहेर पडतो, तसंच कॉलममध्ये, जो आतल्या मटेरियलला जास्त चिकटतो तो उशिरा येतो आणि प्रत्येकाचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, वेगळा दिसतो.

आम्हाला बघायचं होतं ॲलोआयसोल्युसिन, या आजाराची खूण. निरोगी बाळात ते नसल्यातच जमा, प्लाझ्मात लिटरमागे 5 मायक्रोमोलच्या वर गेलं की निदान पक्कं. आपल्या टिकलीच्या हिशोबात ते साधारण 2 नॅनोग्रॅम!

त्यात ते कार्ड नीट न वाळवताच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवलेलं, चारातले दोन ठिपके ओले होऊन पसरलेले. पावसाळ्यात हे फार होतं आणि मला याचा खरंच त्रास होतो, तीन-चार तास सावलीत आडवं ठेवलं तर कार्ड छान वाळतं. उरलेल्या दोनातला एक स्क्रीनिंगलाच पंच झालेला. म्हणून दुसऱ्यातून टिकली काढताना हात अक्षरशः थरथरत होता, मेथॅनॉलमध्ये टाकली, तुलनेसाठी जड ल्युसिनचं ठरावीक माप (इंटर्नल स्टँडर्ड) घातलं आणि रन लावला.

स्क्रीनसमोर मी आणि मॅडम उभ्याच होतो. सुरुवातीलाच हायड्रॉक्सीप्रोलिनचा उंच पीक आला, ते एकटं वाढलेलं असेल तर सहसा काही अपाय नसतो. मग ॲलोआयसोल्युसिनची वेळ आली, बेसलाइन सपाट, म्हणजे ते नाहीच, आयसोल्युसिन आणि ल्युसिन दोन्ही नॉर्मल.

मॅडमनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, तो आजार नाही, आईचं दूध बंद करू नका म्हणून.