सेंट अँड्र्यूजचं रान आणि आबांचे प्रश्न

सातारा, गुरुवार, रात्री साडेदहा

स्कॉटलंडहून आलो तरी सेंट अँड्र्यूज गावातल्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानावरचा तो अठरा होलचा राऊंड डोक्यातनं जात नाही, आज लिहूनच काढतो. गोल्फ शिकलो फौजेत. कॅन्टोन्मेंटचे कोर्स, झाडांच्या रांगा, तारेचं कुंपण, गेटवर पहारेकरी. राजस्थानकडं पोस्टिंग होतं तेव्हा तर हिरवळ नाहीच, ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या जागी तेल मारलेल्या वाळूचे ब्राऊन, त्यावरच पटिंग, म्हणजे चेंडू हलकेच होलकडं ढकलणं. हा खेळ जिथं वाढला त्या समुद्रकाठच्या वाळूच्या पट्टीवर, लिंक्सवर, एकदा खेळायचं हे तेव्हापासून मनात होतं. लेक एडिंबरोला असते, जावईबापूंनाही खेळाचं वेड, त्यांनीच बॅलटला दोघांची नावं दिली. दोन दिवस आधी सोडत निघते, हँडिकॅपचा, म्हणजे खेळातल्या पातळीचा, दाखला असला की बाहेरचा कुणीही नाव देऊ शकतो. आमचं नाव निघालं.

पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभं राहिलो की समोर नुसतं मोकळं मैदान, पहिल्या आणि अठराव्या होलचं फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा, एकच, मधे ना झाड ना कुंपण, आणि त्या फेअरवेवरून चक्क गावचा रस्ता जातो, माणसं थांबतात, कुणी मारत नाहीये बघतात आणि ओलांडतात. कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी उचलून सल्ला देणारा, तिथलाच, वयस्कर माणूस, त्याचा दिवसभराचा सल्ला एकच, डावीकडं मारा. जाताना उजव्या हाताला काटेरी गोर्सची झुडपं, येताना उजव्या हाताला कोर्सची हद्द, म्हणून दोन्ही वेळेला डावीकडंच.

समुद्र कोर्सवरून फारसा दिसत नाही, मधे वाळूचे उंचवटे आणि दुसरे कोर्स आहेत, पण वारा त्याचाच. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली उभं राहिलेल्या माणसाला वारा नवा नाही, तरीपण चेंडू हवेत असताना त्याला आडवं ढकलणारा हा वारा वेगळाच हिशोब मागतो. २०१५ च्या ओपन या मोठ्या स्पर्धेत इथं एवढा वारा सुटला की ग्रीनवर ठेवलेले चेंडू आपोआप सरकायला लागले, खेळ थांबवावा लागला आणि स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी त्या स्पर्धेत होता, तेव्हा आम्ही मेसमधे टीव्हीपुढनं हललो नव्हतो.

आपल्याकडं मऊ ग्रीनवर चेंडू उंच मारून टपकवायची सवय असते. इथं जमीन टणक, खाली वाळू, वर बारीक गवत, उंच मारला तर वाऱ्यानं जातो नाहीतर टप्पा खाऊन ग्रीनच्या पलीकडं. म्हणून जमिनीलगत पळवायचा, सात नंबरच्या आयर्न काठीनं हलकं ढकलायचं किंवा ग्रीनच्या कितीतरी अलीकडनं सरळ पुटर, म्हणजे पटिंगची काठी, काढायचा, मग उतार काय म्हणतोय, कुठं वळण आहे हे आधी वाचावं लागतं. मला हे फार आवडलं. अठरा होलमधे चारच ग्रीन एकेकट्या होलची, बाकी सात ग्रीन जोडीची, एकेका ग्रीनवर दोन झेंडे, जाताना पांढरा आणि परतताना लाल. जोडीतल्या दोन होलच्या नंबरांची बेरीज कायम अठराच, दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा असं. पाचव्याची ग्रीन तर एवढी मोठी की पलीकडच्या टोकाला उभी माणसं लहान दिसतात.

चौदाव्यावर हेल बंकर. माणूसभर उंचीपेक्षा खोल वाळूचा खड्डा, आत उभं राहिलं की आभाळच दिसतं. आम्ही दोघांनी दुसरा शॉट डावीकडं पाचव्याच्या फेअरवेवर काढला आणि तो खड्डा नुसता जाऊन बघितला. सतराव्याला टीवरनं हॉटेलच्या शेडवरून मारायचं, पुढचं काही दिसत नाही, कॅडी भिंतीवरच्या एका अक्षराकडं बोट दाखवतो आणि तेवढ्या विश्वासावर मारायचं. माझा चेंडू फेअरवेवर पडला! ग्रीनच्या अलीकडं थांबवून मग पुटरनं वर नेला, बोगी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त, आणि त्या अवघड होलला बोगी म्हणजे मी समाधानी. अठराव्यावर स्विल्कन ओढ्यावरचा तो छोटा दगडी पूल ओलांडला तेव्हा जावईबापू मागं थांबले, म्हणाले, बाबा तुम्ही पुढं व्हा. डोळे भरून आले खरं.

आज दुपारी गावाकडं गेलो होतो, कोरेगावच्या बाजूला, आबांना मोबाईलवर फोटो दाखवले. वाटलं होतं पूल बघतील, जुन्या इमारती बघतील. आबांनी फोटो मोठा करायला लावला आणि विचारलं, "आरं, ह्ये रान कुणाचं?"

एवढ्या वर्षांत मला गोल्फबद्दल हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. सांगितलं, आबा, गावाचं. त्यांना पटेना. मग सगळं सांगत बसलो. समुद्र मागं सरला, तिथं वाळू राहिली, त्यात नांगर चालत नाही, पीक येत नाही, म्हणून समुद्र आणि शेतं यांच्या मधली ती पट्टी गावानं चरायला ठेवली. आपलं गायरान असतं तसंच. त्यावरच लोक खेळायला लागले, इतके की १४५७ साली राजा दुसऱ्या जेम्सच्या काळात स्कॉटलंडच्या संसदेनं गोल्फवर बंदी घातली, लोकांनी तिरंदाजीचा सराव करावा म्हणून. पुढं १७९७ ला गावाची तिजोरी रिकामी झाली आणि हे रान सशांचा धंदा करणाऱ्यांच्या हातात गेलं, सशांनी बिळं करून हिरवळ उकरली, गोल्फवाले आणि सशेवाले यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललं. १८२१ ला तिथल्या एका जमीनदारानं, जेम्स चीपनं, रान विकत घेतलं तेव्हा कुठं खेळ वाचला. १८९४ ला कायदा होऊन ते गावच्या कारभाराखाली आलं आणि १९७४ पासून ब्रिटिश संसदेच्या कायद्यानं नेमलेला एक ट्रस्ट ते सांभाळतो. आजही ओल्ड कोर्स रविवारी खेळाला बंद. मोठी स्पर्धा नसेल तर त्या दिवशी गावातली माणसं कुत्री घेऊन, पोरं घेऊन तिथं फिरतात, आम्ही पण नातवाची बाबागाडी त्याच अठराव्या फेअरवेवरून ढकलली.

बंकरचा फोटो बघून आबा म्हणाले, "ह्ये मेंढरांचं काम हाय." आता हे मी त्यांना सांगितलेलंच नव्हतं! तिकडं पिढ्यानपिढ्या हेच सांगतात, वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या वाळूच्या खळग्यात बसायच्या, खळगे खोल होत गेले, तेच पुढं बंकर झाले. आबा म्हणाले, "वारा सुटला की मेंढरं खड्डा बघूनच बसत्यात, माणदेशात जाऊन बघ." त्यांना गोल्फमधलं काही माहीत नाही आणि त्या रानाचं सगळं कळलं.

मग गवतावर आले. ओल्ड टॉम मॉरिस म्हणून तिथला जुना ग्रीनकीपर, मैदान राखणारा, चार वेळा ओपन जिंकलेला, तो ग्रीनवर वाळू पसरायचा, आणि अजूनही पसरतात. "वाळू घालून गवत येतंय व्हय?" त्यांची सगळी हयात काळ्या रानात गेली, त्यांना हे उलटंच वाटणार. पण तिथलं फेस्क्यू गवत बारीक आणि चिवट, त्याला कमी खाणं-पाणीच मानवतं, जमीन सुपीक केली की जाडं गवत शिरतं आणि त्याला मारतं. वाळूमुळं पाऊस लगेच मुरतो, म्हणून त्यांचा कोर्स पावसाळी हवेतही टणक राहतो.

माझं मत आता पक्कं झालंय. गोल्फ म्हणजे भिंतीआडचा साहेबांचा खेळ असं इथं आपण धरून चाललोय, मी स्वतः त्या भिंतीच्या आत खेळलोय आणि मला त्याचा आनंदही मिळालाय, पण या खेळाचं मूळ सगळ्यांच्या मालकीच्या, पीक न येणाऱ्या जमिनीत आहे. एवढ्या पिढ्या ती जमीन गावानं विकून टाकली नाही किंवा विकली गेली तेव्हा परत मिळवली, म्हणून तर मला तिथं खेळायला मिळालं. गावानं रान राखलं ही त्या कोर्सची मोठी गोष्ट आहे, चॅम्पियन तर नंतर आले.

आमच्या गावच्या गायरानाला कडेकडेनं पत्रे लागायला लागलेत. आबांनीच विषय काढला, मोबाईल बाजूला ठेवून. लहानपणी आम्ही तिथं म्हशी न्यायचो, सूरपारंब्या खेळायचो, पुढं भरतीसाठी पळायचा सराव पण तिथंच केला, आणि आता पोरं सराव करायला हायवेच्या कडेनं पळतात. पुढच्या ग्रामसभेत गायरानाची मोजणी करून हद्दीचे दगड रोवायचा विषय लेखी देणार आहे, अर्जाचा कच्चा मजकूर जेवणानंतर लिहून झाला. आबा म्हणालेत, मी पण येतो, जुन्या हद्दी मला ठाऊक हायत. उद्या सकाळी तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा काढायचा आहे.